गोड्या पाण्याची कांचपेटी खारी करतांना

शहरांतील घरांत माशांची कांचपेटी ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत दिव्याच्या उजेडांत चार सोनमासे, एक-दोन एंजल आणि गप्पींचा एखादा घोळका फिरत असतो. मुलें शाळेंतून येतांच दप्तर टाकून पेटीपुढें बसतात. वडील माणसें वर्तमानपत्र वाचतां वाचतां मध्येंच नजर उचलून तिकडे पाहतात. अशी पेटी दोन-तीन वर्षें सुरळीत चालली, म्हणजे घरधन्याच्या मनांत एक नवी हौस डोकावूं लागते. १९५१ सालीं मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि पुढें कित्येक पिढ्यांनीं समुद्रांतील माशांचे ते निळे, केशरी, पिवळे रंग कांचेला नाक लावून पाहिले. ते रंग एकदां डोळ्यांत भरले, कीं घरचे सोनमासे जरा फिकेच वाटूं लागतात. मग विचार येतो, हीच पेटी, हाच दिवा, हेंच पाणी. यांतच मीठ घातलें तर?

प्रश्न साधा आहे आणि पेटीपुरतें पाहिलें तर उत्तरहि "होय" असेंच आहे. मात्र त्या उत्तराच्या पाठीमागें दीड-दोन महिन्यांचें काम आहे, आणि तें मुख्यतः थांबून राहण्याचें काम आहे. तें टाळून, मासे पोहत असतांनाच वरून मिठाच्या मुठी टाकण्याचा उतावळेपणा कोणी केला, तर ते मासे हां हां म्हणतां मरूं लागतात. तें कां, हें प्रथम समजून घेतलें म्हणजे पुढचें सारें सोपें जातें.

मनुका पाण्यांत भिजत घातल्या कीं टपोऱ्या फुगतात, आणि लोणच्यासाठीं चिरलेल्या कैरीला मीठ चोळून ठेवलें कीं तिला पाणी सुटतें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतें. पातळ पडद्याच्या एका बाजूस विरघळलेले पदार्थ कमी आणि दुसऱ्या बाजूस अधिक असले, तर पाणी कमीकडून अधिकाकडे झिरपत जातें. शास्त्रांत याला परासरण म्हणतात. माशाचे कल्ले हा असाच एक अत्यंत पातळ पडदा होय. माशाच्या रक्तांतील खारेपणा, तो मासा नदींतला असो कीं समुद्रांतला, साधारणपणें समुद्राच्या पाण्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास असतो. म्हणून गोड्या पाण्यांतील मासा मनुकेसारखा असतो. त्याच्या अंगांत बाहेरचें पाणी सतत शिरत असतें, आणि तो तें पातळ मूत्राच्या रूपानें सतत बाहेर टाकीत असतो. तो पाणी जवळजवळ पीतच नाहीं. समुद्रांतील माशाची गत कैरीच्या फोडीसारखी आहे. चोहोंकडे पाणी असूनहि त्याच्या अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें, आणि तो तहानलेला राहतो. तो समुद्राचें पाणी पितो आणि त्यांतील नको असलेलें मीठ कल्ल्यांतील खास पेशींच्या द्वारें बाहेर फेंकतो. या पेशींचा शोध ॲन्सेल कीज आणि एडवर्ड विल्मर या दोघांनीं १९३२ सालीं ईल माशाच्या कल्ल्यांत लावला.

आतां सोनमाशाच्या पेटींत मीठ पडलें तर काय होतें, हें सांगावयास नकोच. ज्याच्या शरीराची सारी रचना पाणी बाहेर फेंकण्यासाठीं झालेली आहे, त्याच्याच अंगांतून बाहेरचें खारें पाणी उरलेंसुरलें पाणी ओढून घेतें. त्याच्यापाशीं मीठ टाकण्याचें साधन नाहीं आणि तें एका दिवसांत उगवतहि नाहीं.

याला अपवाद आहेत, आणि ते कोंकणच्या माणसाला नवे नाहींत. जिताडा समुद्राच्या बाजूस अंडीं घालतो आणि रायगडाकडच्या तळ्यांत गोड्या पाण्यांतहि वाढतो. खाडींतील कलुंदर आणि चिखलांत उड्या मारणारी निवटी यांना भरतीओहोटीबरोबर खारेपणा बदलण्याची संवयच असते. बाजारांत मिळणारा मोली हा लहानसा मासा कांहीं दिवसांत थोडें थोडें मीठ वाढवीत नेल्यास पूर्ण खाऱ्या पाण्यांतहि राहूं शकतो. पण मोलीचा दाखला पुढें करून सोनमाशाला किंवा एंजलला समुद्रांत लोटणें हा शुद्ध अविचार होय. पेटीचें रूपांतर होतें, माशांचें होत नाहीं. जुने मासे आधीं दुसऱ्या चांगल्या घरीं द्यावे किंवा दुकानदाराकडे परत करावे. ते नदींत किंवा तळ्यांत सोडून पुण्य जोडल्याचें समाधान मात्र कोणी मानूं नये. पेटींतून बाहेर सोडलेल्या परदेशी माशांनीं, विशेषतः खवल्यांचें चिलखत घातलेल्या त्या काळपट सकर माशानें, देशांतील अनेक जलाशयांत मूळच्या माशांना आणि कोळ्यांच्या जाळ्यांना उपद्रव मांडिला आहे.

मासे गेले, आतां पाण्याकडे वळावें. समुद्राचें पाणी म्हणजे मिठाचें पाणी, ही समजूत फार जुनी आहे आणि ती पाऊणअधिक खरी आहे. पण उरलेल्या भागांतच सारी मेख आहे. ब्रिटिशांचें चॅलेंजर नांवाचें जहाज १८७२ पासून १८७६ पर्यंत साऱ्या महासागरांतून फिरलें. त्यानें आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनज्ञानें केलें आणि १८८४ सालीं प्रसिद्ध केलें. पाणी कोठलेंहि असो, एकूण खारेपणा कमीअधिक असेल, परंतु त्यांतील मुख्य क्षारांचें एकमेकांशीं प्रमाण जवळजवळ सारखेंच असतें, असें त्यांत दिसून आलें. एक किलो समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील सुमारें ८५ टक्के भाग सोडियम आणि क्लोराइड यांचा, म्हणजे स्वयंपाकघरांतील मिठाचा. बाकीच्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाण्याची अल्कता टिकविणारे बायकार्बोनेट हे येतात. शंखशिंपल्यांची कवचें आणि प्रवाळांचे सांगाडे होतात ते कॅल्शियमपासून. आणि पाणी आंबट होऊं नये म्हणून झटतात ते बायकार्बोनेट. नुसतें खाण्याचें मीठ घातलें, तर हा सारा परिवार गैरहजर राहतो. मासा कदाचित् कांहीं दिवस तग धरील, परंतु गोगलगाय, झिंगा किंवा प्रवाळ यांना त्या पाण्यांत जगतां येणार नाहीं.

हा धडा मत्स्यालयांच्या इतिहासांत अगदीं आरंभींच गिरविला गेला आहे. १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत जगांतील पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. त्याला समुद्रांतील प्राणी पुरविणारा मनुष्य म्हणजे फिलिप हेन्री गॉस. किनाऱ्यापासून लंडनपर्यंत पिपें भरभरून पाणी आणणें खर्चाचें होतें. तेव्हां गॉसनें साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढे चार पदार्थ गोड्या पाण्यांत विरघळवून घरच्या घरीं समुद्र तयार केला आणि १८५४ सालीं ती कृति जाहीर केली. आज बाजारांत मत्स्यालयासाठीं जें तयार मीठ मिळतें, तें याच कल्पनेचें वाढलेलें रूप आहे. त्यांत मुख्य क्षारांबरोबर अल्प प्रमाणांतील द्रव्येंहि मोजून घातलेलीं असतात. तें महाग पडतें खरें. पण काटकसर करण्याची जागा ही नव्हे.

मुंबईच्या माणसाला येथें एक शंका हटकून येते. समुद्र तर दारांतच आहे, मग चौपाटीवरून दोन बादल्या भरून कां आणूं नयेत? याचें उत्तर चौपाटीवर उभें राहून वास घेतल्यास मिळेल. शहराचें सांडपाणी खाड्यांतून आणि नळांतून शेवटीं त्याच पाण्यांत जातें. शिवाय पावसाळ्याचे चार महिने खाडीच्या तोंडाशीं आणि किनाऱ्याशीं पाण्याचा खारेपणा कधीं किती उतरेल याचा नेम नसतो. मोठीं मत्स्यालयें आणि संशोधनसंस्था समुद्राचें पाणी वापरतात तेव्हां तें गाळण्याची आणि निर्जंतुक करण्याची सोय त्यांच्याजवळ असते. घरगुती पेटीसाठीं तयार मीठच बरें.

त्या मिठाचें पाणी करावयाचें गोडें पाणीहि निवडून घ्यावें लागतें. नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो, विंधणविहिरीच्या पाण्यांत नाना प्रकारचे क्षार असतात. अलीकडे पुष्कळ घरांत पिण्यासाठीं बसविलेलें असतें त्या आर. ओ. यंत्रांतून निघालेलें पाणी या कामीं उत्तम. मात्र त्यांत चवीसाठीं पुन्हां क्षार मिसळण्याची योजना असेल, तर ती टाळून पाणी घ्यावें. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपांत आधीं पाणी भरावें आणि मग त्यांत मीठ थोडें थोडें सोडावें. उलट करूं नये. मिठाच्या राशीवर पाणी ओतल्यास कॅल्शियमचा कांहीं भाग पांढरा चुना होऊन तळाशीं बसतो आणि पुन्हां विरघळत नाहीं. पाणी ढवळणारा लहान पंप लावून तें एक रात्र फिरत ठेवावें, आणि मग मोजावें.

मोजण्याचें साधन दोन प्रकारचें मिळतें. हायड्रॉमीटर पाण्यांत तरंगतो आणि विशिष्ट गुरुत्व दाखवितो. रिफ्रॅक्टोमीटरमध्यें कांचेवर थेंब टाकून दुर्बिणींतून पाहिल्याप्रमाणें आंकडा वाचतां येतो. २५ अंश सेल्सियस उष्णतामानाच्या सुमारास विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावें. हायड्रॉमीटर स्वस्त असतो, परंतु त्याच्या पट्टीवर बुडबुडे बसले किंवा मिठाचा थर चढला कीं तो बिनदिक्कत खोटें बोलतो.

आतां मूळ पेटीकडे. कांच, झांकण, दिवा, उष्णतामापक आणि हवेचा पंप हें सर्व पुढें चालतें. वाळू, झाडें आणि लांकडाचे ओंडके मात्र काढावे. गोड्या पाण्यांतील वनस्पति खाऱ्या पाण्यांत कुजतात. लांकडांतून आम्ल झिरपतें आणि समुद्राच्या पाण्याला तें मानवत नाहीं. जुन्या खड्यांत वर्षानुवर्षांची घाण दडलेली असते. पेटी साबण न लावतां धुवावी. कांचेवर चुन्याचे डाग असल्यास व्हिनेगर चालेल. पूर्वीं कधीं माशांच्या रोगावर तांब्याचें औषध वापरलें असेल, तर तें आठवून पाहणें अगत्याचें आहे. तांबें वाळूंत आणि सांध्यांच्या चिकट लेपांत मुरून राहतें, आणि झिंगे व गोगलगायी यांना तें अत्यल्प प्रमाणांतहि विषारी असतें. झांकणाला पितळी बिजागरी किंवा लोखंडी खिळा असेल, तर तोहि काढून टाकावा. खाऱ्या वाफेंत लोखंड गंजतें आणि पितळेंतील तांबें पाण्यांत उतरतें. विजेच्या तारांना, त्या भिंतींतील बटणाकडे वर चढण्यापूर्वीं, खालच्या बाजूस झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब खालीं पडेल, बटणांत जाणार नाहीं. खारें पाणी विजेला गोड्या पाण्यापेक्षां कितीतरी अधिक वाट देतें.

एक यंत्र मात्र नवें घ्यावें लागेल. समुद्रकिनाऱ्यावर लाट फुटली कीं फेंस उठतो, नदीच्या धबधब्याखालीं तसा टिकत नाहीं. गोड्या पाण्यांत बारीक बुडबुडे एकमेकांना भेटतांच मिळून मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यांत ते वेगवेगळे, बारीक राहतात. माशांची विष्ठा, उरलेलें अन्न यांपासून निघणारे सेंद्रिय पदार्थ या बुडबुड्यांच्या अंगाला चिकटून वर येतात. या गोष्टीचा उपयोग करून घेणाऱ्या यंत्राला प्रोटीन स्किमर म्हणतात. एका नळकांड्यांत फेंस उठतो आणि वरच्या पेल्यांत काळपट, दुर्गंधी पाणी जमा होतें. तें पाहिल्यावर यंत्राला दिलेले पैसे फुकट गेले असें कोणालाहि वाटत नाहीं. लहान पेटींत दर आठवड्यास पाणी बदलण्याची शिस्त असेल तर याविनाहि भागतें. पण शिस्त आणि हौस या नेहमींच एका घरांत नांदतात असें नाहीं.

यानंतर येतो तो सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा भाग. माशांच्या विष्ठेंतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. तो विषारी असतो. पाण्यांतील एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसतें. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यानें १८९० च्या सुमारास या जंतूंना प्रथम वेगळें करून दाखविलें. जुन्या गोड्या पेटींत हें जंतूंचें कारखानदारी खातें सुरळीत चालू असतें. म्हणूनच ती दोन-तीन वर्षें टिकली. परंतु खाऱ्या पाण्यांत हें काम करणारे जंतु बहुतांशीं वेगळ्या जातींचे असतात. मीठ पडतांच जुने कामगार संपावर जातात आणि नवे भरती होण्यास महिना-दीड महिना लागतो. "फिल्टर तर जुनाच आहे, आतां काय अडचण?" असें म्हणून दुसऱ्याच दिवशीं मासे आणणारे नवशिके याच ठिकाणीं फसतात.

शिवाय या पाण्यांत अमोनिया अधिक घातकी होतो. पाण्यांतील अमोनियाचा कांहीं भाग निरुपद्रवी अवस्थेंत आणि कांहीं भाग विषारी अवस्थेंत असतो, आणि ती वांटणी पाण्याच्या अल्कतेवर अवलंबून असते. गोड्या पेटींत पीएच ७ च्या आसपास असल्यास विषारी भाग २५ अंशांवर अर्ध्या टक्क्याच्या घरांत असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, तेथें तोच भाग सहा-सात टक्क्यांच्या घरांत जातो. म्हणजे अमोनिया तितकाच, विष मात्र दसपटीहून अधिक! नायट्राइटची गोष्ट याच्या उलट आहे. पाण्यांतील भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आंत शिरूं देत नसल्यामुळें समुद्रांतील माशांना तें गोड्या पाण्यांतल्याइतकें जाचत नाहीं. तरीहि अमोनियापायीं मासे गमावण्यास एक कारण पुरेसें आहे.

म्हणून पेटींत खारें पाणी, चुनखडीची वाळू आणि छिद्रें असलेले कोरडे खडक एवढेंच ठेवून पंप सुरू करावा, आणि एकहि मासा न सोडतां सोललेल्या कोळंबीचा एक लहान तुकडा आंत टाकावा. तो कुजूं लागला कीं अमोनिया निघतो आणि जंतूंना खाद्य मिळतें. दर दोन-तीन दिवसांनीं तपासणीच्या औषधानें पाणी पाहून आंकडे वहींत लिहावे. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत अमोनिया चढतो. मग तो उतरूं लागतो आणि नायट्राइट चढतें. चौथ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत केव्हांतरी दोन्ही शून्यावर येतात. याच सुमारास वाळूवर आणि कांचेवर तपकिरी शेवाळाचा थर येतो. तो पाहून घरांतील मंडळी नाकें मुरडतात, पण तो आपोआप ओसरतो. या दीड महिन्यांत शेजारीपाजारीं "पेटींत मासे कां नाहींत?" म्हणून विचारतील; त्यांना काय सांगावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

दरम्यान उष्णता आणि प्राणवायु यांचा विचार करून ठेवावा. २५ अंशांवर गोड्या पाण्यांत एका लिटरमागें सुमारें ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर समुद्राच्या पाण्यांत पावणेसातच. उष्णता वाढली कीं तो आणखी घटतो. पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान असावें. पुण्या-नागपुराकडे वैशाखांत तें सहज तीस ओलांडतें. पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवितो, आणि पाण्याची हालचाल जोराची ठेवल्यास प्राणवायु मिळत राहतो. वीज वारंवार जाणाऱ्या गांवीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधींच आणून ठेवावा. वीज गेल्यावर दुकान शोधण्यांत अर्थ नाहीं.

पंख्यानें पाणी आटतें, आणि येथें नवशिक्याची दुसरी परीक्षा असते. पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. समजा, पेटींत १०० लिटर पाणी आणि लिटरमागें ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण साडेतीन किलो मीठ आहे. आठवड्यांत ५ लिटर पाणी उडालें. ती जागा खाऱ्या पाण्यानें भरली, तर दर आठवड्यास १७५ ग्रॅम मीठ वाढतें. चार आठवड्यांनीं लिटरमागें ४२ ग्रॅम होतें, म्हणजे घरांतला समुद्र तांबड्या समुद्राहूनहि खारट झाला. म्हणून आटलेलें पाणी नेहमीं गोड्या पाण्यानेंच भरावें, आणि तेंहि शक्यतों रोज थोडें थोडें. पेटीच्या कांचेवर बाहेरून एक रेघ ओढून ठेवली कीं घरांतील दहा वर्षांचें मूलहि हें काम करूं शकतें. खारें पाणी घालावयाचें तें फक्त पाणी बदलतांना. आठवड्यास दहावा भाग काढून तितकेंच नवें, सारख्या खारेपणाचें आणि सारख्या उष्णतेचें पाणी घालावें.

आतां मासे. १०० लिटरच्या पेटींत लहान जातीचे तीन-चार मासे पुरे. गोड्या पेटींतली डझनावारी गर्दी येथें चालत नाहीं. आरंभास जोकर मासा सर्वांत उत्तम. २००३ सालच्या "फाइंडिंग निमो" या चित्रपटामुळें तो आतां मुलांच्या ओळखीचा आहे. हा मासा बंदिस्त जागेंत प्रजा करतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें भारतांतहि त्याची पैदास साधली आहे. म्हणून दुकानांत मासा घेतांना तो पैदाशींतला आहे कीं समुद्रांतून धरलेला, हें विचारून घ्यावें. आग्नेय आशियांतील प्रवाळांच्या खडकांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत १९६० नंतर फिलिपाइन्समध्यें पडली. असा मासा पुष्कळदां विकत घेतल्यावर कांहीं दिवसांत मरतो, आणि ज्या प्रवाळावर विष पडलें तेंहि मरतें. पैदाशींतील मासा महाग असला तरी पेटींतल्या अन्नाला संवयीचा असतो आणि नीट ठेवल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. दोन लहान जोकर मासे एकत्र आणावे. या जातींत सारे मासे आरंभीं नर असतात. दोघांतला मोठा पुढें मादी होतो, आणि मग तीच घरांतील कारभार पाहते.

निळा टँग दिसावयास सुंदर असला तरी तो वीतभराहून मोठा होतो. शंभर लिटर म्हणजे त्याला कोंडवाडाच. रंगीबेरंगी मँडरिन मासा बहुधा जिवंत सूक्ष्म प्राण्यांवांचून दुसरें कांहीं खात नाहीं आणि नव्या पेटींत उपाशी मरतो. दुकानदाराचा आग्रह असला तरी हे दोन्ही टाळावे; दुकानदाराचा सल्ला दर वेळीं निरपेक्ष असतोच असें नाहीं. नवा मासा आणल्यावर त्याच्या पिशवींतील पाण्यांत पेटींतलें पाणी थेंब थेंब घालीत पाऊण-एक तास जाऊं द्यावा. जागा असल्यास तीन-चार आठवडे दुसऱ्या लहान पेटींत तो वेगळा ठेवावा. समुद्रांतील माशांनाहि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. त्याचें तांब्याचें औषध द्यावयाचें तें या वेगळ्या पेटींतच. पहिले मासे रुळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं पुढचा आणावा, म्हणजे जंतूंना वाढत्या कामाशीं जुळवून घेण्यास वेळ मिळतो.

राहिला प्रश्न शोभेच्या खडकांचा आणि प्रवाळांचा. मालवणास किंवा अंदमानास सहलीला गेलेल्या मंडळींना ओहोटीच्या वेळीं एखादा जिवंत खडक पिशवींत घालून आणावा असा मोह होतो. भारतांत प्रवाळें आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ पासून वाघाच्या बरोबरीचें संरक्षण मिळालेलें आहे. ते बाळगणें हा गुन्हा होय. हा नुसता कागदी नियम नव्हे. २०२० सालीं मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामांत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरील लहान लहान प्रवाळ-वसाहती आड आल्या, तेव्हां रीतसर परवानगी घेऊन त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. कायदा नसता तर काय होतें, याचा अनुभव इंग्लंडनें घेतला आहे. गॉसच्या पुस्तकांनीं मत्स्यालयांचें वेड घरोघर पसरलें, आणि हौशी लोकांनीं डेव्हनशायरच्या खडकांतील डबकीं इतकीं उपसलीं, कीं त्याच्या मुलानें १९०७ सालीं लिहिलेल्या आठवणींत त्या उजाड किनाऱ्याबद्दल दुःख व्यक्त केलें.

तेव्हां पेटींत कोरडे खडक किंवा कृत्रिम सच्छिद्र ठोकळेच ठेवावे. चार-सहा महिन्यांत त्यांच्यावर गुलाबी-जांभळे थर चढूं लागतात आणि ते जिवंत खडकासारखेच दिसूं लागतात. समुद्रफूल आणण्याची घाई करूं नये. त्याला प्रखर उजेड आणि महिनोन्महिने न बदलणारें पाणी लागतें. तें मेलें तर एका रात्रींत सारी पेटी नासतें. जोकर माशाचें त्याच्यावांचून अडत नाहीं. पैदाशींतल्या पुष्कळ जोड्या एखाद्या उताण्या कुंडीच्या कडेलाच घर मानतात, आणि वर्ष-दोन वर्षांनीं तिच्याच अंगावर केशरी अंड्यांचा पट्टा दिसूं लागतो.